काळ्या पडद्याची कैफियत

'शी! काय हे काळंकुट्ट!' असं कुणी माझ्या तोंडावर म्हणालं, तर मी मनाला लावून घेत नाही. लग्नाच्या वेळी सासरच्या मंडळींत हा शेरा एकदा मारून झालेला आहे आणि त्यानंतरही संसार चालला आहे. पण परवा हाच शेरा मी दोन महिने खपून तयार केलेल्या पडद्यावर मारला गेला, तोही माझ्या सख्ख्या भाच्याकडून. तेव्हा मात्र मी चिडलो. ही कैफियत त्या चिडण्यातून लिहीत आहे. कुणाला ती भांडण वाटली, तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे, आणि नाटकाचा तर नव्हेच. संगणकाचा. काळी पाटी आणि तिच्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही, हलणारं-डुलणारं काही नाही. जाणकार याला 'टर्मिनल' म्हणतात. रेल्वेच्या टर्मिनसचा हा चुलतभाऊ. तिथे रूळ संपतात, इथे मोठ्या यंत्रापासून निघालेली तार संपत असे, आणि जिथे ती संपे तिथे एक माणूस टाइप करत बसलेला असे. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीतून वाकून कारकुनाच्या पुढ्यात डोकावण्याचा आगाऊपणा ज्यांनी केला असेल, त्यांना असा पडदा ओळखीचा असेल. मी स्वतः एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आयुष्य काढलं ते याच पाटीसमोर.

आता मूळ प्रकरण. आमच्या पेठेत एक वाचनालय आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले कार्यवाह माझ्या ओळखीचे आहेत आणि पुढेही ओळख देत राहावेत अशी माझी इच्छा आहे. तिथे देवघेवीच्या काउंटरवर एक बाई बसतात. १९९७ साली एका हौशी सभासदाने वाचनालयाला फॉक्सप्रोमध्ये एक प्रोग्राम लिहून दिला, तेव्हापासून बाई आणि तो प्रोग्राम यांचा संसार सुरू झाला. सभासद क्रमांक, एंटर, पुस्तकाचा दाखल क्रमांक, एंटर, एफ-दोन. संपलं! बाईंची नजर तुमच्या चेहऱ्यावर, तोंडाने 'मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं ना?' ही चौकशी, आणि बोटं आपली आपल्या कामात. पडद्याकडे त्या बघतच नसत. रोजच्या स्वयंपाकघरात कुणी डब्यांवर चिठ्ठ्या लावतं का? हात गेला की मोहरीच लागते.

त्यात आणखी एक गंमत होती. संगणक म्हातारा आणि हळू, पण बाई त्याच्यासाठी कधी थांबत नसत. पडदा अजून पहिल्या पुस्तकावर रेंगाळत असायचा, तेवढ्यात बाईंनी दुसऱ्याचे आकडे टाकलेले असत. ते आकडे आतल्या आत रांगेत उभे राहत आणि यंत्राला सवड झाली की एकेक करून आत शिरत. डॉसच्या काळात ही रांग जेमतेम १५ कळांची असे. सोळावी कळ दाबली की यंत्र 'पीं' करून तक्रार करी. आमच्या वाचनालयात संध्याकाळी सहानंतर ही पीं-पीं ऐकू येई. म्हणजे तिथे दमत होतं ते यंत्र, बाई नव्हे!

२०२३ च्या पावसाळ्यात त्या संगणकाने राम म्हटला. कार्यकारिणीची बैठक बसली. मीही तिच्यात आहे, पण चहाच्या कपांची संख्या बरोबर यावी एवढंच माझं काम. टाय लावलेला एक तरुण आला आणि त्याने भिंतीवर नवं सॉफ्टवेअर दाखवलं. इंटरनेटवरून चालणारं. पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं, ते खऱ्या पानासारखं उलटलं, मागे फिकट निळं आभाळ तरंगलं. कोषाध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना बैठकीला बोलावलेलं नव्हतं. त्या काउंटरवर होत्या. नाहीतर सभासदांना पुस्तकं कुणी दिली असती?

महिन्याभरात रांग दाराबाहेर चपलांपर्यंत गेली. एक दिवस मी मागे उभा राहून मोजलं. एक पुस्तक द्यायला माउसच्या अकरा टिचक्या! आधी सभासदाचा वर्ग यादीतून निवडा. मग विभाग निवडा. मग खिडकी उघडते, तिच्यात दुसरी खिडकी उघडते, आणि 'आपली खात्री आहे का?' असं विचारते. पान उघडतं आहे तोवर जुन्या सवयीने टाकलेले आकडे कुठे जात देव जाणे. बाई पुन्हा टाकत. मधूनच एखादी पाटी येई, 'आपले सत्र समाप्त झाले आहे.' एका आजोबांनी ती वाचली आणि 'माझं नाही, अजून अवकाश आहे' म्हणून ते रागाने घरी गेले.

पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, 'बाईंना आता जमत नाही हो. वय झालं. एखादी तरुण मुलगी बघू या.' सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही थोडी हलली असावी. तेव्हा तोंडात बिस्किट होतं. संध्याकाळी पुस्तक बदलायला गेलो, तर बाईंनी दोन्ही पंजे काउंटरवर ठेवले आणि हळूच विचारलं, 'माझे हात बिघडलेत का हो?'

इतकी वर्षं जे हात यंत्राला दमवत होते, त्या हातांच्या मालकिणीने मला हा प्रश्न विचारला. आणि बिस्किट खाऊन आलेल्या माणसापाशी त्याला उत्तर नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पडदा विकत घेणारा माणूस वेगळा आणि त्याच्यासमोर दिवस काढणारा माणूस वेगळा. घेणारा आठ मिनिटं बघतो, वापरणारा आठ तास राबतो. आपण पडदा करतो तो आठ मिनिटवाल्यासाठी. मग आठ तासवाल्याला जमेनासं झालं, की दोष पडद्याचा ठरत नाही, त्याच्या वयाचा ठरतो. 'युजर-फ्रेंडली' म्हणतात ती मैत्री पहिल्या दिवसापुरती असते. पहिल्या दिवशी हात धरून चालवलं तर बरं वाटतं. पण तो हात दहाव्या वर्षीही सुटेना, तर त्याला मैत्री म्हणत नाहीत, अटक म्हणतात.

माउसला प्रत्येक वेळी डोळा लागतो. बाण कुठे आहे ते बघा, बटण कुठे आहे ते बघा, नेम धरा, टिचकी मारा. एफ-दोन ही कळ मात्र काल होती तिथेच आज असते. तिच्यावर नेम धरावा लागत नाही. पेटी वाजवणारा माणूस दर सुराला मान खाली घालून पट्टी शोधू लागला, तर भजन संपायला पहाट होईल.

तर मी ठरवलं, बाईंना त्यांचा काळा पडदा परत द्यायचा. घरी जाहीर केलं, तेव्हा ही म्हणाली, 'अहो, निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात.' मी बाग न करता विजेटं लावली.

विजेट म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यातच सगळा जीव आहे. जुनी ठरलेली पाटी म्हणजे आडव्या ८० आणि उभ्या २४ घरांचा तक्ता. ८० हा आकडासुद्धा वारसाहक्काने आलेला आहे. आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं छिद्रांचं कार्ड काढलं, आणि कार्ड गेलं तरी रकाने राहिले. १९७८ साली डिजिटल कंपनीचं व्हीटी-१०० हे टर्मिनल आलं, त्याचीही घडी ८० बाय २४ च. एकूण १९२० घरं, प्रत्येकात एक अक्षर. पाचव्या ओळीच्या दहाव्या घरात जायचं, तर यंत्राला 'एस्केप, चौकोनी कंस, ५, अर्धविराम, १०, मोठा एच' असा मंत्र पाठवायचा. एक अक्षर चुकलं की सगळं पंचांग बिघडलं. माझ्या तरुणपणी आम्ही असल्या मंत्रांनी चौकटी काढत असू. चौकट झाली, पण उजवा कोपरा खालच्या ओळीत, अशा घराला सुतार जेवढ्या शिव्या देईल तेवढ्या आम्ही स्वतःला देत असू.

म्हणूनच की काय, हा त्रास कमी करणाऱ्या पहिल्या प्रसिद्ध साधनाचं नावच 'कर्सेस', म्हणजे शिव्याशाप! १९८० च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी ते लिहिलं. नावात 'कर्सर' या शब्दावर श्लेष आहे. तिकडेही कोटीबाज लोक असतात. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला तीसेक अक्षरं जात. १९२० घरं भरायची तर मिनिटाहून जास्त वेळ. कर्सेसने युक्ती केली. आधीचा पडदा लक्षात ठेवायचा, नवा ताडून बघायचा, आणि जिथे फरक असेल तेवढीच अक्षरं पाठवायची. पाहुणे दोघेच आले म्हणून कुणी मांडणीवरची सगळी भांडी खाली काढत नाही, तसंच हे.

त्यावर पुढच्या लोकांनी तयार दारं-खिडक्या करून ठेवल्या, तीच विजेटं. बोरलँड कंपनीने १९९० साली टर्बो पास्कलबरोबर टर्बो व्हिजन नावाचा संच दिला, तेव्हा नुसत्या अक्षरांतून सावली पडणारी खिडकी पाहून आमचा विभाग चहा विसरला होता. आज तर विचारूच नका. एक संच 'बबल टी' नावाचा, दुसरा 'राटाटुई', म्हणजे फ्रेंच भाजीचं नाव. या क्षेत्रातली माणसं उपाशीपोटी बारसं करतात असा माझा संशय आहे. मी घेतला तो 'टेक्स्च्युअल'. पायथन भाषेतला हा संच स्कॉटलंडच्या विल मॅकगुगन यांनी २०२१ मध्ये सुरू केला. त्याला नुसतं सांगायचं की वर आकडे टाकायचा चौकोन दे, मधे पुस्तकांचा तक्ता दे, खाली कळांची पट्टी दे. घरं मोजायची, चौकटी काढायची आणि बदललं तेवढंच पुन्हा रंगवायचं काम तो करतो. खालच्या पट्टीवर 'एफ-२ द्या, एफ-३ घ्या' असं आपोआप लिहून येतं. म्हणजे नवख्याने पट्टी वाचावी आणि जुन्याने विसरून जावी. पहिल्या दिवसाची मैत्रीही झाली आणि दहाव्या वर्षाची मोकळीकही.

आता भाचा. हिंजवडीला असतो. रंगीत पानं बनवणं हाच त्याचा धंदा. माझा पडदा बघून त्याने नाक मुरडलं ते सुरुवातीला सांगितलंच. म्हणाला, 'मामा, हे लोकांना जमणार नाही. आणि कीबोर्डवरून सगळं आमच्या पानांतही करता येतं.'

'येतं ना? मग करत का नाही?'

'कुणी मागत नाही.'

'मागणारीला बैठकीला बोलावता का?'

यावर त्याला एकदम ऑफिसचं काम आठवलं. त्याने लॅपटॉप उघडला, आणि मी बघतच राहिलो. काळी पाटी! काळ्या पाटीत तो लिहितो, काळ्या पाटीत शोधतो, काळ्या पाटीतून दूरच्या यंत्रांना हुकूम सोडतो. बाण कुठे दिसेना. माउस होता, पण पिशवीत, चार्जरच्या वेटोळ्यात गाढ झोपलेला. मी विचारलं, 'अरे, हे काळंकुट्ट रे?' तर म्हणाला, 'मामा, दिवसभर काम करायचं तर हेच फास्ट पडतं.'

वाचकहो, माझं सगळं भांडण या एका वाक्यात आलं. स्वतःला दिवसभर काम करायचं तर कळा, आणि बाईंना दिवसभर काम करायचं तर टिचक्या! स्वतःच्या बोटांवर विश्वास आहे, दुसऱ्याच्या नाही. 'लोकांना जमणार नाही' या वाक्यात फार गोड शब्दांत फार मोठा अपमान दडलेला असतो. हलवाई आपली मिठाई खात नाही ती मधुमेहामुळे, असं आपण समजत होतो. त्याचं खरं कारण त्याला ठाऊक असतं.

पण मी वकिली करतो आहे म्हणून अशिलाचे दोष लपवणार नाही. काळ्या पडद्याला छायाचित्र धड दाखवता येत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवणारी साधनं नीट बांधलेल्या पानावर चांगली चालतात. माझ्या चौकटींपाशी ती अडखळतात. आणि सर्वांत मोठं दुखणं म्हणजे आपली देवनागरी. या तक्त्याचा कायदा 'एका घरात एक अक्षर' असा आहे. इंग्रजी अक्षरं चाळीतल्या भाडेकरूंसारखी एकेका खोलीत गुमान राहतात. आपल्याकडे एकत्र कुटुंब! 'स्त्री' हे कागदावर एक अक्षर, पण यंत्राच्या खात्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा जण. त्यांना किती घरं द्यायची? विजेटाचा हिशेब एक, टर्मिनलचा दुसरा, आणि टंक तिसऱ्याच मापाने अक्षर काढतो. स्त्रीला किती जागा द्यावी याबद्दल समाजात एकमत नाही हे ठाऊक होतं; यंत्रांतही नाही हे नव्याने कळलं. परिणाम असा, की नावात जोडाक्षर आलं की तक्त्याची उजवी रेघ बाहेर झोकांडे. साहित्य परिषदेची सगळी पुस्तकं एकाच वेळी प्यायल्यासारखी दिसू लागली.

खरं तर या दुखण्यावर डॉसच्या दिवसांत इथेच औषध मिळत होतं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट' नावाचं कार्ड संगणकात बसवलं, की अक्षरांच्या साध्या पडद्यावर मराठी नीट उमटत असे. जिस्टमधला 'टी' सुरुवातीला टर्मिनलचाच होता. तेव्हा आपल्या लिपीला पाटीवर बसवायला माणसं झटली. पुढे सगळे रंगीत पडद्याकडे धावले आणि पाटीवरची मराठी मागे उभीच राहिली. जुनाट म्हणून ज्याची टिंगल होते, त्याचं दुखणंही कुणी बघत नाही. मी शेवटी गावठी इलाज केला. आकड्यांचे रकाने आधी, पुस्तकाचं नाव अगदी शेवटी, आणि त्याच्या उजवीकडची रेघच काढून टाकली. आता नावाने हवं तेवढं पसरावं, शेजारी कुणी नाही!

२०२४ च्या गुढीपाडव्याला बाईंसमोर पडदा ठेवला. जुन्याच कळा, जुनाच क्रम. पुस्तकांची सगळी नोंद वाचनालयातल्याच संगणकावर, त्यामुळे इंटरनेट रुसलं तरी काउंटर रुसत नाही. मी समजावून सांगायला घसा साफ केला. 'बाई, हा वरचा चौकोन...' एवढं म्हणेपर्यंत त्यांनी तीन पुस्तकं देऊन टाकली होती. मी बोलायचा थांबलो. रांग संपली, तेव्हा त्यांनी हात पुसल्यासारखे एकमेकांवर चोळले आणि म्हणाल्या, 'बिघडले नाहीत हो.' माझा चष्मा जरा धुकटला. एप्रिलमध्ये पुण्यात दमटपणा असतो, असं मी हिला सांगितलं.

कार्यकारिणीने अर्थातच सुवर्णमध्य काढला. रंगीत पानं सभासदांना घरबसल्या पुस्तक शोधायला ठेवली आहेत. ती तिथे शोभतात. जो महिन्यातून एकदा येतो त्याला बोट धरून नेलंच पाहिजे. काउंटरवर मात्र काळा पडदा. तरुण मुलगीही ठेवली आहे, बाईंच्या हाताखाली. पहिला आठवडा ती खालची पट्टी वाचून कळा दाबत होती. परवा पाहिलं, तर सभासदाशी सिनेमावर बोलत होती आणि बोटं आपली कामात होती. 'लोकांना जमणार नाही' म्हणणाऱ्या भाच्याला मी मुद्दाम तिथे उभं केलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, 'मामा, रेघ उजवीकडची गेलीय तुझी.' हार मानायची त्याची पद्धत आहे ही, आईवर गेलाय.

कोषाध्यक्षांचं एक म्हणणं राहिलंच होतं. 'जरा आकर्षक करा हो, पाहुणे येतात.' मी वरची पट्टी निळी करून दिली. रंगासाठी दोन ओळी लागल्या. ते खूश आहेत. येता-जाता ती पट्टी बघतात आणि समाधानाने मान हलवतात. बाईंना विचारलं, निळा रंग कसा वाटतो? म्हणाल्या, 'कुठे आहे निळा?'

याहून मोठी शाबासकी पडद्याला मिळू शकते असं मला वाटत नाही. मी धन्य होऊन वळलो, तेवढ्यात मागून हाक आली.

'अहो, तुमच्याकडचं पुस्तक मुदतीबाहेर गेलंय. दंड भरून जा. आता ते पडद्यावर लाल अक्षरांत येतं.'

लाल अक्षरांची ती ओळ मीच लिहिली होती.